घाटावरची उडी

मानमोडीच्या साथीत वडील गेले, तेव्हा आमच्या घरात दोन म्हशी होत्या आणि त्यातली एक भाकड. आई दारोदार दूध घाली. थोरली अक्का म्हशी पंचगंगेवर नेई. शेपटी धरून ती पैलतीर गाठायची. तिच्यासारखं पोहणारं आमच्या गल्लीत बाप्या माणूससुद्धा नव्हतं. मी शाळा सोडायच्या बेतात होतो.

त्याच सुमारास एक मूकपट कंपनी घाटावर चित्रीकरण करत होती. नटीला बुरजावरून उडी घ्यायची होती आणि तिला पोहता येत नव्हतं. तिचं लुगडं नेसून अक्कानं उडी मारली. एकदा नव्हे, ऊन ढळेपर्यंत तीनदा. आईनं आधीच मॅनेजरच्या हातात जोतिबाचा गुलाल देऊन शपथ घ्यायला लावली होती, की पोरीचं नाव कुठं निघायचं नाही. शिनेमातली पोर म्हणून तिचं लग्न अडलं असतं. उडीच्या पैशावर माझी शाळा टिकली. पुढं महाराजांच्या कृपेनं बोर्डिंगात जागा मिळाली, आणि आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी झालो.

नटी फार मोठी झाली. चाळीसेक वर्षांनी तिचे चरित्रकार माझ्याकडे आले. उडी आमच्या गल्लीतल्या कुणा पोरीची होती, असं त्यांच्या कानावर आलं होतं. अक्का त्या दिवशी माझ्याकडेच होती, आत तांदूळ निवडत. तिच्या नातीचं लग्न ठरत होतं. मी ठाम सांगितलं, आमच्या घरचं कुणी नव्हतं, उडी बाईंचीच.

ते गेल्यावर अक्का म्हणाली, "बरं केलंस की. शिकल्यालं माणूस तू, तुझं कोण खोटं म्हंतंय?" मग सुपातला खडा बाजूला टाकत म्हणाली, "पानी लई गार हुतं रं."

पुस्तक आलं तेव्हा नातीचं लग्न होऊन गेलं होतं आणि अक्का नव्हती. चरित्रकारांनी कष्ट घेतले होते, पानोपानी पुरावे. उडीवर दीड पान, आणि खाली साक्षीदार म्हणून माझं नाव. नावापुढं बी.ए. मी पुस्तक मिटलं.

अक्काच्या थोरल्या मुलाला जाऊन सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मामा, ती जिती असताना का सांगितला न्हाईसा?" घरी येऊन चरित्रकारांना पत्र लिहिलं.

दुसऱ्या आवृत्तीत तो मजकूर बदलला. उडी अक्काची, असं तिच्या नावानिशी छापलं आहे.