अकरावी गोळी आणि चाचांचा अंगठा

आमच्या शूटिंग रेंजवर किस्से गोळा करावे लागत नाहीत. संध्याकाळी फरशी झाडली की रिकाम्या पुंगळ्यांबरोबर दोन-तीन सापडतातच. मी बहरैनला परत आले त्याला दीड वर्ष झालं, आणि पुंगळ्या भंगारात गेल्या तरी किस्से माझ्याकडेच साठून राहिलेत. बहुतेक सगळे मॅगझिनचे आहेत. म्हणजे इब्राहिमचाचांचे आहेत.

मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवायची डबी. गोळ्या तिच्यात भरायच्या, आणि तळाची स्प्रिंग त्यांना एकेक करून वर ढकलते. आमच्या रेंजच्या परवान्यात अट आहे: एका मॅगझिनमध्ये दहाच गोळ्या. अकरावी मावता कामा नये. दहाच घेणारं आणि दहाच्या दहा न अडखळता परत देणारं मॅगझिन निवडणं, हे चाचांचं काम. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे, राहायला इथल्या नईम मोहल्ल्यात, आणि आमच्या शस्त्रागारात तीस वर्षं. मी कॅनडात इंजिनिअरिंग शिकून आलेली त्यांची असिस्टंट.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "तिकडे काय शिकलीस गो बाय?"

"डिझाइन, टेस्टिंग, क्वालिटी कंट्रोल."

"बरं. झाडू त्या कोपऱ्यात आहे."

तेव्हा मला एक गोष्ट माहीत नव्हती. चाचांचा व्हिसा मार्चअखेर संपत होता आणि तो पुन्हा काढावा की नाही, यावर क्लबच्या कमिटीचा विचार चालू होता.

*

पहिल्याच आठवड्यात मी चोवीसच्या चोवीस मॅगझिनं उघडली, घासली आणि आतून छान तेल लावलं. तीस वर्षांत इथे पहिल्यांदा विज्ञान आलं असं मला मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी धुळीचं वारं सुटलं. इथली धूळ पिठासारखी असते. तेलाला लागली की तिची कणीक होते. त्या दिवशी महिलांची बॅच होती आणि तिसऱ्या-चौथ्या गोळीला एकेक पिस्तूल अडायला लागलं. बँकेत काम करणाऱ्या एक पुण्याच्या बाई मला शांतपणे म्हणाल्या, "आज स्लो मोशन शिकवताय का?"

चाचांनी एक मॅगझिन उघडलं, आत बोट फिरवलं आणि तो काळा लगदा मला दाखवला.

"कॅनडात पिस्तूल तळून खातात काय?"

तेव्हापासून मॅगझिन आतून कोरडं ठेवायचं, हा नियम मी माझ्या चार्टमध्ये सगळ्यात वर लिहिला. हो, चार्ट. मी चार्ट केला होता. प्रत्येक मॅगझिनला नंबर, किती गोळ्या झाल्या, किती वेळा अडलं, स्प्रिंग कधी बदलली, सगळं रंगांसकट.

*

नंबरांची लेबलं मी स्वतः चिकटवली. आठवड्याने बघते तर प्रत्येक नंबराखाली बारीक अक्षरात एकेक नातेवाईक लिहिलेला.

सात नंबर 'मेव्हणा'.

"दहा खातो, सात देतो आणि मधेच बसून राहतो," चाचा म्हणाले.

अकरा नंबर 'जावई'. भरताना फार मनधरणी करावी लागते. चोवीस नंबर 'सासूबाई'.

"त्या का?"

"कधी अडल्यात असं कोणी बघितलंय?"

मी त्यांना समजावलं की हे शास्त्रशुद्ध नाही, उद्या दुसरा कोणी आला तर त्याला काय कळणार. त्याच दुपारी नवा कोच आला आणि त्याने विचारलं, "मॅचसाठी कुठलं देऊ?" मी चार्ट उघडत होते. तेवढ्यात त्याने लेबलं वाचली, सासूबाईंना उचललं आणि गेला.

*

आमचे एक मेंबर अमवाज बेटावर राहतात. व्हिला आहे, बोट आहे, आणि आता त्यांना सतरा गोळ्यांचं मॅगझिन बाहेरून मागवायचं होतं.

"मी दहाच भरीन ना," ते म्हणाले. "सात जागा रिकाम्या ठेवीन. कायदा पण खूश, मी पण खूश."

मला असल्या गोष्टींचा फार राग येतो. मी त्यांना कायदा, समाज आणि जबाबदारी यांवर बारा मिनिटं ऐकवलं. दहा ही शिक्षा नाही, शिस्त आहे, असं मी म्हटल्याचं मला आठवतं. साहेब मान डोलावत होते आणि मोबाइलवर सतरावाल्याची किंमत बघत होते.

चाचा आतून आले. "साहेब, डॉक्टरने तुम्हाला रोज एकच पेढा सांगितला. तुम्ही किलोचा बॉक्स आणून एकच खाणार काय?"

"नाही," मागून त्यांच्या मिसेस म्हणाल्या.

खलास. मोबाइल खिशात गेला.

*

क्लबचे सेक्रेटरी कर्णिक साहेब मुंबईचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी एकदा एका डीलरला बोलावलं. डीलरकडे दहा गोळ्यांचीच मॅगझिनं होती, कायदेशीर, चकचकीत आणि निम्म्या किमतीत. साहेब खूश.

चाचांनी त्यातलं एक घेतलं, त्यात दहा नकली गोळ्या भरल्या, ते कमरेइतकं उंच धरलं आणि सोडून दिलं. मॅगझिन तोंडावर आपटलं. तोंडाचा पत्रा फाकला आणि चार गोळ्या टेबलाखाली गेल्या. आमचं जुनं मॅगझिन तसंच टाकलं. ते नुसतं आडवं झालं, एकही गोळी सुटली नाही.

डीलर म्हणाला, "असं कोण पाडतं, सर?"

"आमचे मेंबर बघितलेत तुम्ही?" चाचा म्हणाले.

कर्णिक साहेब टेबलाखाली वाकून गोळ्या बघत होते. तेवढ्यात त्यांच्या वरच्या खिशातून चष्मा, पेन आणि फोन या क्रमाने खाली पडले.

*

जानेवारीत हजेरीचं मशीन आलं. अंगठा लावायचा, हिरवा दिवा लागला की हजर.

चाचांच्या अंगठ्याला ठसाच नाही. तीस वर्षं रोज गोळ्या दाबून दाबून तो उलथन्यासारखा चपटा आणि गुळगुळीत झालाय. रेसिडेंट आयडी कार्डाच्या ऑफिसातही त्यांना दर वेळी दुसऱ्या खिडकीवर पाठवतात. मशीन रोज म्हणायचं, "पुन्हा प्रयत्न करा." चाचा रोज म्हणायचे, "उद्या, इंशाल्ला." महिनाअखेरीला रिपोर्ट निघाला. शस्त्रागार उघडणारा माणूस महिनाभर गैरहजर.

तो रिपोर्ट आणि माझा चार्ट शेजारी शेजारी ठेवून कर्णिक साहेब मला म्हणाले, "हे बघ, तुझ्या चार्टमुळे कुठलं मॅगझिन चांगलं ते कोणीही सांगू शकतं. मग रिटायरमेंटच्या वयाच्या माणसाचा व्हिसा कशाला काढायचा?"

मी चार्ट माझ्याकडे ओढला. "सर, तो चार्ट चाचांसाठी आहे. चाचांच्या जागी नाही."

"छान वाक्य आहे. मिनिट्समध्ये घेऊ."

मी चाचांना सांगायला गेले. मला रडू येत होतं. ते स्प्रिंगा मोजत होते.

"तू लिहीत राहा," ते म्हणाले. "मी गेल्यावर ही मंडळी निदान वाचून तरी चुकतील."

*

मार्चमध्ये वार्षिक तपासणी होती. तपासणीचे अधिकारी बहरैनी, हिंदी कर्णिक साहेबांपेक्षा बरं बोलणारे. त्यांची दर वर्षीची पद्धत ठरलेली: हवं ते मॅगझिन उचलायचं, दहा गोळ्या भरायच्या आणि अकरावी अंगठ्याने दाबून बघायची. गेली तर परवाना थांबला. या वर्षी मॅगझिनं मी दाखवायची असं कर्णिक साहेबांनी ठरवलं होतं. चाचांनी नुसतं मागे उभं राहायचं.

सकाळी टेबल मांडताना चाचांनी सासूबाईंना उचललं आणि बाद मालाच्या पेटीत टाकलं.

"चाचा, ते आपलं सगळ्यात चांगलं मॅगझिन आहे. वर्षात एकदाही अडलेलं नाही."

"बाहेर किती येतात ते तू लिहिलंस. आत किती जातात ते कुठे लिहिलंस?"

तो रकाना माझ्या चार्टमध्ये नव्हता. मी पेटी बंद केली.

अधिकाऱ्यांनी चार्ट वाचला आणि टेबलावरची मॅगझिनं मोजली. "इथे चोवीस, तिथे तेवीस?"

"एक चाचांनी बाद केलंय," मी म्हटलं.

कर्णिक साहेब घाईघाईने पुढे आले. "चार्टप्रमाणे ते शंभर टक्के ओके आहे, सर. चाचांचं आता वय झालं."

अधिकाऱ्यांनी ते मागवलं आणि दहा गोळ्या भरल्या. अकरावी दाबली. गेली नाही. जोर लावला, नख पांढरं झालं, तरी नाही. कर्णिक साहेब माझ्याकडे बघून हसले.

अधिकाऱ्यांनी मॅगझिन चाचांपुढे धरलं. "यल्ला, चल, तू दाखव."

चाचांनी अंगठा ठेवला. फार जोर लावल्यासारखं वाटलं नाही. टक् असा आवाज आला आणि अकरावी आत गेली.

"दहाच्या वर जाऊ नये म्हणून आत ठोकळा असतो, साहेब," चाचा म्हणाले. "याचा दोन महिन्यांपासून दबतोय. आज माझ्या अंगठ्याला जाते. सहा महिन्यांनी कोणाच्याही जाईल."

अधिकाऱ्यांनी चाचांचा अंगठा हातात घेतला, उलटा केला, पालटून बघितला. मग बसले आणि रिपोर्ट लिहिला. कर्णिक साहेबांनी तो मोठ्याने वाचायला घेतला.

"तेवीस मॅगझिन मंजूर. एक क्लबने स्वतःहून बाद केले. परवाना पुढे चालू. अट: पुढील वर्षीच्या तपासणीस हा अंगठा प्रत्यक्ष हजर..."

ते थांबले. "सर, इथे चार्ट असं लिहायचं होतं का?"

"नाही," अधिकारी म्हणाले. "अंगठा."

संध्याकाळी घरी जाताना चाचांनी सवयीने मशीनवर अंगठा ठेवला. मशीन म्हणालं, "पुन्हा प्रयत्न करा."

शेजारी उभ्या असलेल्या कर्णिक साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि मला म्हणाले, "ती हजेरीच्या सह्यांची जुनी वही कुठे ठेवलीय गं?"