बांध भुऱ्यानं उकरला नव्हता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, देवापुढं दिवा लावतानासुद्धा नाही — तिथंही मी शब्द गिळून टाकायची, जणू देवाला ठाऊकच नव्हतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तेही खरं नाही. दोन ओळी लिहिल्या आणि चुलीवरचं आधण बघायला उठले. चुलीवर आधण नव्हतंच.

लिहायला मी मोठेपणी शिकले, धाकटीच्या पाटीवर अक्षरं गिरवून. ती हसायची. तिला वाटायचं, आईला पोथी वाचायची आहे. मला हे लिहायचं होतं.

एका कुत्र्याची गोष्ट आहे. एवढ्यावरूनच तुम्ही म्हणाल, कुत्र्यासाठी एवढं? तेरा वर्षं मीही स्वतःला हेच विचारत आले. कुत्रंच तर होतं.

माझं माहेर अलिबागच्या वरच्या अंगाला, खारेपाटात. एका बाजूला भाताची शेतं, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे मातीचा बांध. भरतीचं पाणी शेतांपेक्षा उंच चढतं, ते हा बांध अडवतो. तो फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि मग दोन-तीन वर्षं ती जमीन धड भात देत नाही. या बांधाच्या पोटात चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, बिळं करून राहतात. खाडीच्या चिखलातली चिंबोरी हवी तेवढी काढा, पण बांधातल्या बिळाला हात लावायचा नाही — पोर चालायला लागलं की आमच्याकडे पहिली ताकीद ही. ज्या घरातलं माणूस बांध उकरताना सापडेल ते घर वाळीत. त्यांच्या लावणीला कुणी येणार नाही, मयताला खांदा देणार नाही. आणि माझे वडील, आबा, त्याच बांधाचे राखणदार होते. बापाचा बाप, त्याचा बाप, सगळे राखणदार.

भुऱ्याला आबांनी मिठागरावरून कांबळ्यात गुंडाळून आणलं तेव्हा मी दहा वर्षांची असेन. मातकट रंगाचं पिल्लू, एक कान पडका. आबांबरोबर दिवसभर बांधावर फिरायचा, पण जेवायला माझ्या ताटापाशी. दोर त्याला खपायचा नाही. कुणी बांधला की चावून तोडायचा. माझ्या हातून मात्र गुमान बांधून घ्यायचा, कारण मी बांधलं की लगेच सोडायची आणि तो अंगणाला तीन फेऱ्या मारायचा. आमचा खेळच होता तो. माझं लग्न खाडीपलीकडे झालं. वऱ्हाडाची होडी सुटली तशी यानं पाण्यात उडी घेतली आणि पोहत मागं आला. आबांनी होडी थांबवून त्याला वर घेतलं. माझ्या हळदीच्या लुगड्यावर त्याच्या चिखलाचे पंजे उमटले, सासूबाई ते अजून बोलून दाखवतात.

मिठाची चळवळ झाली, त्याच्या चार-पाच पावसाळे आधीची ही गोष्ट. पहिलटकरीण म्हणून मी माहेरी आले होते, सातवा महिना. आणि मला डोहाळे लागले चिंबोरीचे.

आता हसा. पण ज्यांना डोहाळे लागलेत त्या बायका हसणार नाहीत. महिना श्रावणाचा. घरात महिनाभर मासळी शिजत नव्हती, आणि चिंबोरी तर पोटुशीला उष्ण म्हणून एरवीही वर्ज्य. आईनं मला बजावलं होतं. मी मान हलवली होती. पण झोपेतून उठले की तोंडाला तीच चव — भाजलेल्या चिंबोरीची, नांगी फोडल्यावर येते ती. आवस जवळ आली की चिंबोऱ्या मांसानं भरतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. श्रावण संपायला चार दिवस उरले होते. चारच. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी घरोघर मासळी शिजणार होती.

मी चार दिवस थांबले नाही.

बांधाकडची खारट भाजी खुडून आणते, असं सांगून मी निघायची. चिंबोरी ओढून काढायची लोखंडी आकडी आमच्या वळचणीला खोचलेली असायची, ती पदराखाली घ्यायची. शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या उघाडीची फळी बघायला आबा बांधाच्या दुसऱ्या टोकाला गेलेले असत. खाडीच्या चिखलात उतरायचं तर पोट आडवं येत होतं. बांधातलं बीळ उभ्या-उभ्या हाताला येत होतं. एवढीच सबब — आणि ही सबबही नव्हे, आळस होता. आकडीला चिंबोरी येईना तेव्हा मी विळ्यानं बीळ मोठं केलं. एक नाही, शेजारी शेजारी तीन. बांधावर आबांच्या खोपीत विस्तव असायचा, त्यात भाजून खाल्ल्या. कवचं भुऱ्याला दिली. बिळांत ओला चिखल कोंबला, वर गवत दाबलं. राखणदाराची मुलगी मी, मला कळत नव्हतं का की ठोकून न बसवलेला चिखल पाण्यात साखरेसारखा विरघळतो? कळत होतं. तरी चारही दिवस मी गेले.

अमावास्येला भरदुपारी उधाण आलं आणि बांध बरोबर तिथंच फुटला.

अख्खा गाव धावला. बाप्ये पाण्यात उभे राहून पेंढा आणि चिखल रचत होते, बायका पाट्या भरून देत होत्या. मला कुणी पाटी उचलू दिली नाही, पोटुशी म्हणून. मी बांधावर उभी राहून बघत होते. पोटरीएवढं भात, नुकतं हिरवंगार झालेलं, त्यात मातकट खारं पाणी पसरत चाललं होतं. पाणी उतरायला लागलं तेव्हा उरलेल्या कडेला बिळाचं भगदाड दिसलं. गावातले वडीलधारे दामाकाका खाली वाकले, हात घालून बघितलं आणि म्हणाले, "ह्ये चिंबोरीचं काम न्हाय. कुनीतरी उकारलंय."

सगळ्यांनी आबांकडं बघितलं. आबा भगदाडाकडं बघत होते. आणि भुऱ्या — त्याला काय कळणार — कवचांच्या आठवणीनं तिथंच नाक खुपसून, पंजानं माती ओढत बसला होता.

मी म्हणाले, "भुऱ्या उकरत व्हता. मी बगितलाय."

कुणी विचारलंही नव्हतं मला. बोलून झाल्यावर मी पोटावर हात ठेवला. पोटुशी बाई खोटं बोलेल असं कोण म्हणेल? केसानं गळा कापतात म्हणतात, तो असा.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की घर वाळीत पडू नये म्हणून बोलले. आबांची अब्रू, आईचं म्हातारपण, सगळं पुढं करून बघितलं. पण खरं सांगू? त्या क्षणी घर माझ्या मनातही नव्हतं. मला शरम वाटत होती. श्रावणात चोरून खाल्लं, हावरटासारखं, आणि ते आता बायकांना कळणार — एवढंच होतं डोक्यात.

दामाकाका म्हणाले, "मंग ह्यो कुत्रा गावात ऱ्हायचा न्हाय. परत आला, तर दगड बांधून पान्यात."

आबांनी त्याला होडीतून पलीकडच्या तिवरांत नेऊन सोडलं. दोरानं नाही, हाकेनं नेलं. आबांनी हाक मारली की तो जायचा. होडी रिकामी परत आली आणि आबा त्या दिवशी न जेवता निजले. आई म्हणाली, "कुत्र्यापायी उपाशी?" ते म्हणाले, "भूक न्हाय."

सहाव्या दिवशी दुपारी मी परसात भांडी घासत होते. मागून ओला वास आला. भुऱ्या उभा होता. अंगावर चिखल, पडका कान फाटलेला, मागचा एक पाय उचललेला. खाडी पोहून आला होता. कुणाच्याही अंगणात गेला नाही, आबांकडं गेला नाही. माझ्याकडं आला.

मला आनंद झाला. हे लिहिलंच पाहिजे — आधी आनंदच झाला. मग भीती. हा गावात दिसला की पुन्हा बांधाचं बोलणं निघेल, पुन्हा कुणीतरी ते भगदाड नीट आठवेल. मी त्याला गुपचूप वरच्या गावच्या वाटेला लावू शकले असते. आबांच्या पायावर डोकं ठेवून खरं सांगू शकले असते. आबांनी मला मारलं नसतं. जन्मात मारलं नव्हतं.

भुऱ्याला बांधून आबांच्या हाती दिलं. आबा त्याला घेऊन खाडीवर गेले. परत आले ते एकटे आले.

दोन दिवसांनी मला आकडी आठवली. ती कुठंतरी पुरून टाकावी म्हणून मी वळचणीत हात घातला. आकडी नव्हती. विळा होता, आकडी नव्हती. आईला विचारलं, आईला माहीत नव्हतं. मग मला समजलं. चाळीस वर्षं बांधावर काढलेल्या माणसाला कुत्र्याच्या पंजाची खूण आणि लोखंडाची खूण निराळी दिसत नसेल का? त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. त्या दुपारी जाताना त्यांनी माझी आकडीही नेली आणि भुऱ्याबरोबर पाण्यात टाकली. माझं पाप बुडवायला ते आपला कुत्रा घेऊन गेले.

त्यांनी मला कधी विचारलं नाही. कधी कधी मला त्यांचाच राग यायचा — एकदा विचारलं असतंत तर मी सांगून टाकलं असतं, तुम्हीच मला मोकळी होऊ दिली नाहीत. बघा, चोराच्या उलट्या बोंबा. आबा पुढं सात वर्षं जगले. माझ्या मुलीला खांद्यावर घेऊन सगळीकडं फिरवलं, बांधावर मात्र कधी नेलं नाही. दुसरा कुत्रा पाळला नाही. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी महिनाभर उशाशी होते, रोज ठरवायची, आज सांगू. त्यांना सगळं ठाऊक आहे हे मला कळलंय, असं त्यांना वाटत असेल का? ठाऊक नाही. ते गेले.

मी चिंबोरी खात नाही. सासरी सगळ्यांना वाटतं, बाळंतपण अवघड गेलं त्यापासून नकोशी झाली. नवरा थट्टा करतो, खारेपाटातली एकटीच गोसावीण म्हणून. मी हसते.

आता इथं थांबले तर कुणाला कळणार नाही. पण वर मी एक वाक्य लिहिलंय — भुऱ्याला बांधून आबांच्या हाती दिलं. कुणी बांधलं, ते लिहायचं टाळलं.

मी आत जाऊन अर्धी भाकरी आणली. ती त्याच्यापुढं टाकली. सहा दिवसांचा उपाशी, तो तिच्यावर तुटून पडला. मग मी गोठ्याच्या मेढीवरचा दोर काढला. दोर माझ्या हातात बघून त्यानं खाणं थांबवलं. तोंडातला तुकडा खाली ठेवला, शेपटी हलवली आणि माझ्यापुढं येऊन बसला. मान त्यानं आपणहून पुढं केली. खेळ वाटला त्याला. आता बांधेल आणि सोडेल.

मी गाठ मारली, आणि आबांना हाक मारली.