सीझन संपेपर्यंत

सांगू का नको, असं करत इतकी वर्षं काढली. बायकोला नाही सांगितलं, आईला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून धीर होतोय, हेही कबूल करतो.

माझा धाकटा भाऊ सिद्धू आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघात डावीकडून खेळायचा. कोल्हापुरात पेठांचा फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. सामना हरलो तर आमच्या गल्लीत त्या दिवशी मटण शिजत नाही. मी स्वतः खेळाडू म्हणून बिनकामाचा — पण सिद्धूचा भाऊ म्हणून गॅलरीत माझी कॉलर ताठ असायची.

शाळेत असताना त्याला संधिवाताचा ताप आला होता. घसा दुखल्याचं निमित्त, मग आज गुडघा सुजला, उद्या घोटा. सूज उतरली तसा आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. डॉक्टरांनी मात्र मला समोर बसवून समजावलं. सांधे बरे होतील, भीती हृदयाची आहे. घशातल्या जंतूंशी लढताना शरीर स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उठतं. एका झडपेला थोडी इजा झालीय. पुन्हा तसाच घसा बिघडला की आणखी होईल. म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं, एकही न चुकवता. खेळू दे, पण इंजेक्शन हवंच. वडील लवकर गेलेले, आई दिवसभर शिलाई मशीनवर. त्याला न्यायची जबाबदारी माझी. मला सगळं नीट समजलं होतं. न कळून झालं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती.

ते इंजेक्शन फार दुखतं. कमरेत घेतलं की सिद्धू दोन दिवस पाय ओढत चालायचा. पुढं एका वर्षी आमचा संघ जोरात होता, आणि पलीकडच्या पेठेशी सामना आला तो नेमका इंजेक्शनच्या वेळी. संघातल्या थोरल्या मंडळींनी मला चहाच्या गाड्यावर गाठलं. "एक सुई म्हागं-फुडं झाली तर काय मरतंय व्हय पोरगं?" — त्यांना तरी कशाला दोष देऊ? मला तेच ऐकायचं होतं.

सिद्धूनं विचारलं होतं हो. आजाराच्या बाबतीत तो भित्राच. "दादा, डॉक्टर चालतंय म्हणालं?"

आणि मी — मी म्हणालो, "व्हय. त्यांनीच सांगितलंय. सीझन संपस्तवर सुई नको."

डॉक्टरांना मी भेटलोही नव्हतो. आईलाही घरी येऊन तेच सांगितलं. सामना आम्ही जिंकलो. मग पुढचा आला, मग त्याच्या पुढचा... अंगाला गुलाल लागल्यावर कोण कशाला थांबतं? मधे त्याचा घसा बसला, कणकण आली. ओरडून बसला असेल, असं मीच म्हणालो.

मग मैदानावर त्याला धाप लागायला लागली. पुढं जिना चढतानाही. शेवटी छाती उघडून झडप बदलावी लागली. ऑपरेशनच्या आधी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, इंजेक्शनं बंद कुणी केली? सिद्धूनं जुन्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. मी शेजारीच उभा होतो. आई अजून म्हणते, माझंच लक्ष कमी पडलं. मी मान खाली घालून जेवत राहतो. लाज वाटते, पण घास गिळतो.

आता सिद्धू रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेतो, दुकान सांभाळतो, सामन्याला जात नाही. परवा शेजारच्या वहिनी घरी आल्या होत्या. त्यांच्या मुलीला हाच ताप निघालाय, इंजेक्शनं सुरू झालीत. सिद्धू कळवळून सांगत होता, "वैनी, एक बी सुई चुकवू नका. कुठला डॉक्टर थांबवा म्हणाला तर आधी दुसऱ्याला इचारा. माझ्या डॉक्टरनंच बंद करायला सांगितलंतं, म्हणून ही गत झाली. दादाला इचारा की."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. सिद्धूनंही बघितलं, अगदी विश्वासानं.

मी म्हणालो, "व्हय."