‘बसा’ म्हणायची चोरी

अलकाच्या घरी आलेल्या माणसाला आताशा कुणी ‘बसा’ म्हणत नाही. हैदराबादेत, विद्यानगरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावर पाहुणा येतो, चपला काढतो, आणि अलका सोफ्याकडे हात करून म्हणते, “या की, टेका.” नवख्याला वाटतं, बाई जरा तऱ्हेवाईक दिसते. पण तिनं तरी काय करावं? ‘बसा’ हा शब्द तिच्या तोंडून निघाला, की पाहुण्याच्या आधी कोपऱ्यातली खुर्ची खाली जाते, आणि नामदेवराव त्या वेळी अर्धे उठलेले असले तर तेही तिच्याबरोबर धाडदिशी खाली.

नामदेवराव म्हणजे अलकाचे यजमान. सिकंदराबादला रेल्वेच्या मालधक्क्यावर उभा जन्म गेला. आवाज असा, की हमालांना हाक मारली तर पलीकडच्या रुळावरचे हमालही यायचे. निवृत्तीच्या तोंडावर लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. मागे राहिला एकच शब्द, ‘हौ’. इथल्या हवेतलाच तो शब्द, ‘हो’ म्हणायचा. मराठी, तेलुगू, मुसलमान, सगळ्यांच्या तोंडी असतो. नामदेवरावांच्या तोंडात मात्र दुसरं काही उरलंच नाही. पाणी पाहिजे, हौ. पाणी नको, तरी हौ. भाजीत मीठ पडलं नाही, हौ. कुठला हौ कुठल्या अर्थाचा, ते एकट्या अलकाला कळायचं. लांबवला तर होकार. तोडून, नाकातून काढला तर नकार, आणि त्यात रागही.

एकदा उभे राहिले की काठीच्या आधारानं ते न्हाणीपर्यंत जायचे, परत येऊन बसायचेही. अडायचं ते फक्त उठण्यापाशी. तेवढ्यासाठी अलका जवळ पाहिजे. त्यांचा डावा हात स्वतःच्या गळ्यात घ्यायचा, गुडघ्याला गुडघा लावायचा, आणि भरलेल्या पोत्यासारखा माणूस वर ओढायचा. दिवसात किती वेळा ते तिच्या कमरेला विचारावं.

लकव्याआधी अलका कोठीच्या बाजारात जायची. मैत्रिणीच्या, माधवीच्या, ब्लाउजच्या दुकानात दहा ते दोन मशीनवर बसायची. तिनं बेतलेला गळा पाहिजे म्हणून बायका थांबून राहायच्या. माधवीनं तिचं मशीन अजून झाकून ठेवलं होतं. पण फोनवर तिनं स्पष्टच सांगितलं, “गौतमच्या परीक्षेपर्यंत थांबते. मग दुसरी बाई बघते. दुकान आहे बाई माझं, देऊळ नाही.”

गौतम म्हणजे अलकाचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करावाच लागतो. त्याच्या जोडीला सायली होती, पुण्याहून आलेल्या आयटीवाल्यांची मुलगी. दोघांनी ठरवलं, बाबांसाठी आपोआप उठवणारी खुर्ची करायची. अलकाला आभाळ ठेंगणं झालं.

“डाव्या हाताशी बटण दे रे,” ती म्हणाली. “दाबलं की वर, दाबलं की खाली. झालं.”

गौतम कॉलेजातून परतला तो तोंड पाडून. “आई, गाईड सर हसले की मला. म्हणले, ‘क्या मियाँ, बटन का प्रोजेक्ट लेको आए? स्कूल का बच्चा बी बना देता. कुछ वॉइस डालो, एआय डालो, फिर आओ.’”

“अरे, पण बाबांना बोलता कुठं येतंय?”

“बटणावर पास करत नाहीत, आई. मी काय करू सांग.”

मग आवाजाची खुर्ची झाली. आवाज कुणाचा घ्यायचा? नामदेवरावांपुढं माईक धरला. ते म्हणाले, “हौ.” पुन्हा धरला, पुन्हा हौ. सायलीनं हळूच माईक अलकाकडं वळवला.

“काकू, तुमचा आवाज छान स्वच्छ आहे. म्हणा, ‘ऊठ’.”

अलकानं माईक बाजूला सारला.

“म्हणा ना काकू. ‘ऊठ’ आणि ‘बस’. सोपं आहे.”

“नवऱ्याला ऊठ म्हणू? तुमच्या पुण्यात म्हणत असतील.”

“नवऱ्याला नाही हो, खुर्चीला म्हणायचं.”

“आणि खुर्चीत कोण बसलंय?”

गौतम कपाळाला हात लावून म्हणाला, “‘उठा’ ठेव की सायली. ‘उठा’ आणि ‘बसा’. आमच्याकडं ती ऐकायची नाही.”

मग अलका माईकपुढं शेकडो वेळा ‘उठा’ म्हणाली, शेकडो वेळा ‘बसा’. घसा बसला तेव्हा खुर्ची शिकली होती. अलकाचा आवाज झाला की घरघर करत आसन मागून वर यायचं आणि नामदेवरावांना पायांवर आणून सोडायचं. पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा ते लांबलचक ‘हौ’ म्हणाले. अलकानं तोंडाला पदर लावला.

परीक्षेला खुर्ची कॉलेजात गेली आणि तिच्याबरोबर नामदेवराव आणि अलकाही. बाहेरून आलेले परीक्षक, गाईड सर, मागं पोरांची गर्दी. अलका म्हणाली, “उठा हो.” खुर्ची घरघरली, नामदेवराव उठू लागले. तेवढ्यात परीक्षकांनी तिलाच विचारलं, “अम्मा, घर में क्या काम आता इसका?”

अलका गांगरली. “बस्स सर, इत्तंच...”

यंत्राला ‘बस्स’ आणि ‘बसा’ यातला फरक कोण सांगणार? खुर्ची उलट खाली निघाली आणि अर्धे उभे असलेले नामदेवराव सगळ्यांसमोर धपकन खाली आले. काठी घरंगळली. पोरांना वाटलं, बसवणंही दाखवतायत. टाळ्या पडल्या.

परीक्षक वाकले. “साब, खुश हैं आप?”

“हौ,” नामदेवराव म्हणाले. तोडून, नाकातून.

अलकाला तो हौ ठाऊक होता. इस्पितळात चार लोकांसमोर त्यांचा लेंगा बदलला होता, तेव्हाचा तो हौ. तिनं तोंड उघडलं, पण परीक्षक लिहूनही मोकळे झाले होते: वापरणारे समाधानी. “हौ बोले ना!” गाईड सर गौतमच्या पाठीवर थाप मारत म्हणाले.

गौतम पहिला आला. बंगळुरूची नोकरी पक्की होती, जुलैत निघायचं होतं. खुर्ची घरी आली तशी अलका म्हणाली, “आता बटण लाव.”

“लावतो की, परसों.”

हैदराबादचा परसों म्हणजे आपला परवा नव्हे. मागच्या वर्षीही परसों आणि पुढच्या जन्मीही परसों. त्यात कॉलेजानं खुर्ची राज्याच्या स्पर्धेला निवडली, आणि तोपर्यंत तिला हात लावायचा नाही असं सरांनी बजावलं. अलकाच्या तोंडाला मात्र कुलूप लागलं. दुपारी ती गौतमला म्हणाली, “ऊठ रे, चहा झाला,” तर खुर्चीत डुलकी घेणारे बाबा झोपेतच उभे. खुर्ची बंद ठेवावी तर चालू व्हायला वेळ घ्यायची, आणि लघवीला कुठला आलाय वेळ?

अशात एक दिवस माधवी आली आणि दारातच थांबली.

“बस तरी म्हण की गं!”

अलकानं तिला हाताला धरून सोफ्यावर बसवलं. माधवी हसली, मग गंभीर झाली. “सोमवारपासून येतेस का? नवी बाई विचारून गेली काल.”

“मी आले तर ह्यांना उठवणार कोण?”

“मशीन केलं ना पोरानं? पेपरात फोटो आला.”

“मशीन माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही.”

माधवी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. “म्हणजे आधी हातानं बांधलेली होतीस, आता तोंडानं पण!”

अलका हसली नाही. माधवी गेल्यावर ती बराच वेळ खुर्चीकडं बघत राहिली. संध्याकाळी गौतम आला. स्पर्धेचं सांगू लागला: गाडी कधी येणार, आईनं कुठली साडी नेसायची, काय बोलायचं.

“मी येत नाही,” अलका म्हणाली.

“म्हणजे? आई, तुझ्याबिगर ती हलत नाही की!”

“तेच म्हणतेय मी.”

आणि ती गप्प झाली. त्या रात्री खुर्चीला एक शब्द मिळाला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. नामदेवरावांना उठायचं असलं की अलका पदर खोचायची, गुडघ्याला गुडघा लावायची आणि ओढायची. कमर तुटायची, पण ओठ मिटलेले. गौतम चिडला, मग गयावया करू लागला. सायली येऊन “काकू, प्लीज” म्हणून गेली. शेवटी गाईड सरांचाच फोन आला. गौतमनं तो आईच्या कानाला लावला.

“अम्माजी, कॉलेज की इज्जत का सवाल है,” सर म्हणाले, “आपकी आवाज होना.”

“आवाज देते हूँ सर,” अलका म्हणाली. “पहले बटन लगने दो.”

“बटन से प्रोजेक्ट का लेव्हल गिर जाता, अम्मा.”

“मेरा आदमी गिरा सर, आपके सामने. तब टाळ्या बजाए सब.”

पलीकडून फोन बंद झाला. सर हो म्हणाले की नाही, गौतमला कळेना. आईकडं बघितलं तर ती पुन्हा पदर खोचत होती, बाबांना उठवायला. त्याची त्यालाच लाज वाटली की स्पर्धेची भीती, कोण जाणे. पण तो आत गेला, वायर आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला, आणि खुर्चीखाली उताणा शिरला.

“सर विचारले तर काय सांगू?” तो खालून म्हणाला.

“सांग, हौ.”

खुर्चीखाली खुदकन हसू फुटलं. “कुठं लावू बोल.”

अलकानं नामदेवरावांचा डावा हात उचलून खुर्चीच्या हातावर ठेवला, बोटं सरळ केली, अंगठा कुठवर पोचतो ते बघितलं, आणि तिथं शिवणाच्या खडूनं खूण केली.