मोहफुलांवर अडलेला बाप्तिस्मा

१२ एप्रिल १९५४, सोमवार. पडवीत चिंचा फोडत बसले होते. मिशनमध्ये बायकांना शास्त्र शिकवायचं माझं काम, पण चिंचा कुणाला चुकत नाहीत. दुपारी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांचा निरोप आला की उमेदवार आली आहे, तुम्हीही प्रार्थनाघरात या. हात धुतले, तरी चिकटच राहिले. तशीच गेले.

उमेदवार म्हणजे सिंदेवाहीपलीकडच्या जंगलातल्या एका टोल्यावरची, चार झोपड्यांच्या वस्तीवरची, गोंड विधवा. पदरी दोन मुलं. दोन वर्षं मी तिला शिकवत होते. येत्या रविवारी येशूच्या पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, होता आणि त्या दिवशी तिचा बाप्तिस्मा व्हायचा होता. त्याआधी पंचांनी उमेदवाराला समोर बसवून प्रश्न विचारायचे, ही आमच्या मंडळीची रीत.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. आदल्या पावसाळ्यात मी उपदेशकांच्या वर्गात बसले होते. पावसात जंगलातले रस्ते बंद होतात, गावोगाव फिरणं थांबतं, म्हणून तीन महिने सगळे उपदेशक मिशनच्या आवारात राहून धर्मशास्त्र शिकतात, मंडळीचे पंचही येऊन बसतात. बाई म्हणून मी पहिलीच. माझी चटई दाराशी, स्वयंपाकघरातलं दूध उतू गेलं तर चटकन उठता यावं म्हणून. मला त्या अभ्यासाची गोडी लागली. त्यात लाडीगोडी नव्हती. माणूस पापी आहे, स्वतःच्या करणीनं सुटत नाही, देवाच्या कृपेनं सुटतो, आणि ती कृपा विश्वासानं घ्यायची. एवढंच. पण त्या एवढ्याला कुठून काही जोडायचं नाही, हे शिकायलाच तीन महिने लागले. नव्या करारात प्रेषिताचं एक पत्र आहे, रागानं लिहिलेलं. विश्वास ठेवणाऱ्यांवर वर सुंतेचीही अट घालणाऱ्यांना त्यानं त्यात फाडून काढलं आहे. आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी ते पत्र बारा दिवस शिकवलं. मी वही भरून टिपणं काढली.

पंचांसमोर उमेदवार बाई खाली बसली. पाळकसाहेबांनी विचारलं, "तुमचं तारण कशानं?"

"येसूच्या कृपेनं. माह्या करणीनं नाई."

सगळी उत्तरं अशीच आली. मग पंचांतले सुतारभाऊ पुढे वाकले. "मोहा वेचता का, बाई?"

"वेचतो नं, भाऊ. नाई वेचला तं खाऊ काय?"

"विकता बी?"

"बजारात सेठाले देतो."

"सेठ त्याचं काय करते?"

"ते सेठाले इचारा. मी का त्याच्या घरी पाहाले जातो?"

एक पंच हसला. बाकीचे हसले नाहीत. अंधाराच्या आत जंगल ओलांडायचं म्हणून बाईला घरी जायला सांगितलं, निकाल नंतर कळवू म्हणाले. मला तिथंच थांबवलं.

पाळकसाहेब नगरकडचे. मोहाचं झाड त्यांनी नोकरीला इथं आल्यावर प्रथम पाहिलं. त्यांच्या लेखी मोह म्हणजे दारू. फुलं उकडून खातात, पिठात घालून भाकरी करतात, बैलालाही घालतात, हे त्यांनी ऐकून सोडून दिलं होतं. सुतारभाऊंचं तसं नव्हतं. ते लहानपणी तीच भाकरी खाऊन वाढले होते, त्यांचा मला जास्त राग आला.

"एक वर्ष थांबू," पाळकसाहेब म्हणाले. "मोह सोडू दे. मग बघू."

"साहेब, ती फुलं विकते. दारू गाळत नाही."

"दारूचा कच्चा माल आहे तो."

"मे महिन्यात आपली अर्धी मंडळी तेंदूपत्ता तोडायला जाते. त्याची बिडी कोण ओढतो, हे पंचांनी कधी विचारलं?"

सुतारभाऊंचा हात खिशावर गेला. तिथं बिडीचं बंडल होतं.

"गेल्या पावसाळ्यात आपणच शिकवलंत," मी म्हटलं, "की विश्वासाला काही जोडायचं नाही. तेव्हा सुंता होती, आज मोह आहे. फरक सांगा."

"ते शास्त्र झालं, बाई. ही मंडळीची शिस्त आहे."

"शिस्त घरात आल्यावर लावतात. आपण ती दारातच लावताय."

"बाई चार बुकं शिकली," सुतारभाऊ म्हणाले, "तं पाळकसायबालेच शिकवून राह्यली."

"चार नाही, भाऊ. एकच शिकले, तेही तुमच्या मागे बसून. तुम्ही तेव्हा पेंगत होतात."

पाळकसाहेबांनी वही मिटली. पंचांत बायका बोलत नाहीत, असं म्हणाले आणि प्रार्थना केली. मी डोळे मिटले नाहीत.

राग त्यांच्यावर होता तेवढाच स्वतःवरही होता. कारण पहिल्या वर्षी हा मूर्खपणा मीच केला होता. शिकवायच्या आधी तिला म्हटलं, मोह सोड. तिनं सोडला. त्या पावसाळ्यात तिचा धाकटा हातापायांच्या काड्या होऊन दवाखान्यात आला. नर्सनं विचारलं, काय खातो हा? बाई म्हणाली, पेज. मोहाचं तिनं कुणाला सांगितलं नाही, माझंही नाव घेतलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा वेचू लागली, तेव्हा मी न पाहिल्यासारखं केलं. पुढे वर्गात ते रागाचं पत्र वाचताना मला कळलं की ते माझ्यासारख्यांनाच लिहिलं आहे. पंचांनी तेच बारा दिवस ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी, उजाडायच्या आत, मी तिच्या टोल्याकडे निघाले. मोह पहाटे गळतो; बाई झाडाखाली होती. निकाल दुसऱ्या कुणाकडून तिच्या कानी जाऊ नये, एवढंच मनात होतं.

"नाई म्हणले?" तिनं मान वर न करता विचारलं.

"एक वर्ष थांबा म्हणाले. मोह सोडा म्हणाले."

"अन् तुमी काय म्हणता, बाई?"

"मागं मी सांगितलं ते चुकीचं होतं. वेचा."

तिनं वर पाहिलं आणि रिकामी टोपली माझ्याकडे सरकवली. पदर खोचून मी बसले. दोन टोपल्या झाल्या. तिची तिच्याकडे ठेवली. माझी डोक्यावर घेऊन परत आले, खोलीतली मोठी चटई काढली आणि अंगणात अंथरली. माझ्या अंगणातूनच प्रार्थनाघराची वाट जाते. पाळकसाहेब दुपारच्या प्रार्थनेला निघाले होते, ते चटईपाशी थांबले.

"हे काय, बाई?"

"मोह वाळत घालतेय, साहेब. आता पंचांपुढं मलाही बोलवा," मी म्हटलं, आणि फुलं पसरत राहिले.