अवघड शब्दांचा तास

मुख्याध्यापकांनी दहावीच्या वर्गाबाहेर इंग्रजी शब्दांचा लांबलचक तक्ता लावला, त्या दिवसापासून इंग्रजीच्या बाईंच्या डोक्याला ताप झाला. सर मूळचे गणिताचे, त्यामुळे शब्दही मोजून वाढतात अशी त्यांची पक्की समजूत. रोज दहा शब्द पाठ करायचे, आठवड्याने परीक्षा, आणि निबंधात जो जास्तीत जास्त अवघड शब्द घालील त्याला बक्षीस.

"काळ बदललाय बाई," सर म्हणाले. "पुढच्या परीक्षांना ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी लागते."

"पण सर, कुठला शब्द कुठे वापरायचा ते?"

"ते येतं हळूहळू. आधी साठा तर होऊ द्या."

साठा झाला. वह्यांचा गठ्ठा घरी आला तेव्हा बाईंना हसावं की रडावं कळेना. एकाने लिहिलं होतं, त्याचे आजोबा गेल्या वर्षी एक्स्टिंक्ट झाले. एखादी प्राण्यांची जात पृथ्वीवरून नामशेष व्हावी तसे. दुसऱ्याला आपल्या आईचं मन मोठं आहे असं म्हणायचं होतं. त्याने तिला कॉलॉसल बाई करून टाकलं, म्हणजे डोंगराएवढी अवाढव्य. एका मुलीने रजेच्या अर्जात पोट दुखतंय हे इतक्या भारदस्त शब्दांत कळवलं होतं की दुखतंय काय तेच समजत नव्हतं. आणि या तिघांना बक्षीस द्यायचं होतं.

"वन्सं, चहा निवतोय," वहिनी म्हणाली.

"निवू दे. माझं डोकं निवलं तर बरं."

बाई भावाच्या घरी, वरच्या खोलीत राहायच्या. खाली भावाचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. बाईंचं इंग्रजी शाळेत कमी आणि त्या दुकानात जास्त झालं होतं. लहानपणी दादा मशीनखाली डोकं घालून बसायचा आणि ही स्टुलावर बसून माहितीपुस्तिका वाचून दाखवायची. एकदा तिने सांगितलं, "स्क्रू घट्ट करा म्हणतायत." दादा आतूनच ओरडला, "घट्ट म्हणजे किती घट्ट? पुन्हा वाच." पुन्हा वाचलं तर शब्द वेगळा होता, स्नग. त्या दोघांनी डिक्शनरी उघडून, भांडून, शेवटी ठरवलं: नीट बसेल इतपत, आवळायचं नाही. आवळलं असतं तर पट्टी तडकली असती. तेव्हापासून शब्द ढिला वापरला की बाईंना आतून काहीतरी तडकल्यासारखं वाटायचं. त्याला आता बरीच वर्षं झाली होती, केस पांढरे झाले होते, पण ही खोड गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वह्या टेबलावर आदळल्या आणि तक्त्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"राग आला की घरी काय काय म्हणता? आपल्या भाषेत सांगा."

वर्ग गोंधळला. इंग्रजीच्या तासाला असं कोणी विचारत नसे. मग मागून एकजण म्हणाला, "चिडणं." पाठोपाठ रांगच लागली. रुसणं, फुगणं, धुसफुसणं, वैतागणं, संतापणं, भडकणं, डोक्यात राख घालून घेणं.

"हे सगळं एकच का?"

"नाही," खिडकीजवळची चष्मेवाली मुलगी म्हणाली. "रुसलेला माणूस बोलत नाही. भडकलेला ऐकत नाही."

"आणि वैतागलेला?"

तिने विचार केला. "त्यात राग असतो बाई, पण दमणूकही असते. म्हणजे, तेच तेच सांगून कंटाळल्यासारखं."

"त्याला इंग्रजीत एक्झॅस्परेटेड म्हणतात."

"तुमचं तोंड आत्ता आहे तसं," मागचा मुलगा म्हणाला. वर्ग हसला. बाईंनी खडू उचलून तोही शब्द फळ्यावर लिहिला.

त्या तासाला रुसण्याला सल्क मिळाला, धुसफुसण्याला फ्यूम, संतापाला फ्यूरियस. पाठ करायला काही दिलं नाही, तरी पुढच्या आठवड्यात मुलं एकमेकांना सल्क करू नकोस म्हणत फिरत होती. मग एकेक गोष्ट घेऊन त्यांनी तसाच धडाका लावला. हट्टी, चिवट, हेकट. कंजूस, काटकसरी. एके दिवशी प्रसिद्धी निघाली: नावाजलेला तो रिनाउन्ड, आणि वाईट कामासाठी नाव झालेला, कुप्रसिद्ध, तो नोटोरियस. जिन्याखालचा नळ शाळेत नोटोरियस आहे, कारण तो उघडला की बाही भिजते, असं मुलांनी एकमताने ठरवलं.

तक्त्यातले शब्द मात्र मागे पडले आणि सरांच्या ते लक्षात आलं.

"बाई, संस्थेचे अध्यक्ष येणार आहेत. त्यांच्यासमोर मुलं घडाघड शब्द म्हणतील असं मी सांगून बसलोय. तुम्ही त्यांना नळ शिकवताय."

बाईंनी चार दिवस घोकंपट्टी करून घेतली. मुलं सल्क करत होती. बाई फ्यूम करत होत्या.

अध्यक्षांचं रंगाचं मोठं दुकान होतं आणि भाषणाची त्यांना हौस होती. मुलांनी शब्द म्हणून दाखवले, टाळ्या झाल्या. मग अध्यक्ष उठले आणि छाती पुढे काढून इंग्रजीत म्हणाले, "आय ॲम नोटोरियस फॉर माय ऑनेस्टी."

मग चष्मेवालीने तोंडावर हात धरला, शेजारणीचा खांदा हलू लागला, आणि अख्ख्या दहावीला हसू फुटलं. बाईंनी डोळे वटारून पाहिलं, पण तोवर हसू शेवटच्या बाकापर्यंत पोचलं होतं. अध्यक्षांनी भाषण तिथेच आवरलं.

ऑफिसात अध्यक्षांना खुर्ची देऊन सरांनी दार लावून घेतलं. "माफी लिहून द्या."

"कसली?"

"मुलं हसली."

"अर्थ कळला म्हणून हसली. तुम्हाला व्होकॅब्युलरीच हवी होती ना?"

"बाई, उलट उत्तरं..."

"थांबा," खुर्चीत बसलेले अध्यक्ष म्हणाले. "बाई, माझं चुकलं काय ते सांगा."

बाईंनी सांगितलं, जमेल तितकं मऊ करून. अध्यक्षांचा चेहरा उतरत गेला.

"हे वाक्य मी सगळीकडे म्हणतो. मुलीच्या लग्नात म्हणालो. व्यापाऱ्यांच्या सभेत म्हणालो तेव्हा तर टाळ्या थांबेनात."

व्यापाऱ्यांना अर्थ कळला असेल, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं.

अध्यक्ष सरांकडे वळले. "भाषण तुम्हाला तपासायला दिलं होतं मी. तुम्हाला ठाऊक होतं?"

सर पंख्याकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, तुमची ती शैली आहे."

माफीचा विषय तिथे संपला आणि बाईंना सुटल्यासारखं वाटलं. ते आठवडाभर टिकलं. मग नवं वेळापत्रक हातात पडलं. अध्यक्षांच्या हुकमावरून तक्ता उतरला होता, पण अर्थातला फरक शिकवायची पद्धत आता आठवी-नववीलाही लावायची होती, बाईंनीच. शिवाय शनिवारी दुपारी संस्थेच्या सदस्यांचा वर्ग, तोही बाईंनीच. दोन मोकळे तास होते, ते सरांनी काढून घेतले होते.

"खरं बोललात म्हणून शिक्षा झाली म्हणायची," वहिनी म्हणाली.

"बक्षीस आहे हे. शिक्षा असती तर सुट्टी तरी मिळाली असती."

पहिल्या शनिवारी अध्यक्षांसह सात-आठ वयस्क माणसं दहावीच्या बाकांत गुडघे अडकवून बसली. "बाई, वजनदार शब्द द्या," एक सदस्य म्हणाले. "बोललं की समोरचा गप्प झाला पाहिजे." बाईंना तिथल्या तिथे घरी जावंसं वाटलं. त्याऐवजी त्यांनी फळ्यावर लाज हा शब्द लिहिला आणि त्याखाली इंग्रजीतले चार: लाजाळू माणसाचा शाय, केल्या गोष्टीची लाज वाटते तो अशेम्ड, चारचौघांत ओशाळतो तो एम्बॅरस्ड, आणि कोणीतरी आपली किंमत कमी केली की होतो तो ह्युमिलिएटेड.

सदस्यांनी उतरवून घेतलं. उदाहरण द्या म्हटल्यावर मात्र कोणालाच आपल्याला कधी लाज वाटल्याचं आठवेना. एकाने तर आपल्या भाच्याचं उदाहरण दिलं.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून अध्यक्षांनी हात वर केला.

"बाई, त्या दिवशी मुलं हसली, तेव्हा मला झालं ते यातलं कुठलं?"

बाकीच्यांनी वह्यांतून माना वर केल्या.

"एम्बॅरस्ड," बाई म्हणाल्या.

"आणि सरांना आधीपासून ठाऊक होतं, हे कळलं तेव्हा?"

बाईंनी खडूने शेवटच्या शब्दाखाली रेघ ओढली. अध्यक्षांनी मान हलवली, चष्मा पुसला आणि तो शब्द एकेक अक्षर बघत वहीत लिहिला.

"दोन्हीकडे मी लाज वाटली एवढंच म्हणत होतो," ते म्हणाले. "बरं, पुढचं शिकवा."