हसू आलं की माठाकडे

मला लहानपणी हसायचा रोग होता. रोगच म्हणायचा, कारण हसण्यासारखं काही घडावं लागतच नसे. इंदूरच्या मल्हारगंजातल्या आमच्या सरकारी मुलींच्या शाळेत प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले, की माझ्या पोटात कोणीतरी गुदगुल्या करायला लागायचं. आधी खांदे हलायचे, मग नाकातून फुर्र, आणि मग काय, अख्खी रांग फिदीफिदी! पट्ट्या खाल्ल्या, अंगठे धरले, वर्गाबाहेर बसले. आजोबा गेले तेव्हा सगळी माणसं गप्प बसलेली आणि मी दाराआड परकराचं टोक तोंडात कोंबून हसतेय. आत्यानं पाठीत असा धपाटा घातला, आई गं!

शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेसनी, नानांना सांगून पाठवलं की आता एक जरी तक्रार आली तर मुलीचं नाव कमी करू. नाना माझे वडील, सरकारी दफ्तरात कारकून. मध्य भारताचं सरकार तेव्हा अर्धं वर्ष इंदूरला आणि अर्धं ग्वाल्हेरला नांदायचं. फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर नानाही जायचे-यायचे. त्यांनी चष्मा पुसला आणि एवढंच म्हणाले, "नाव कमी झालं तर हातोदला मामाकडे. मी ग्वाल्हेरहून काय काय बघणार?"

मामाच्या त्या खेड्यात मुलींनी चौथीनंतर शाळेत जायची रीत नव्हती. माझ्याच वयाची मामेबहीण दिवसभर गोठ्यात. आणि मला शाळा हवी होती हो! इतकं खिदळूनही माझा नंबर वर असायचा. मी ढसाढसा रडले, आणि रडता रडता मेलं परत हसू आलं.

आमच्या वर्गाच्या बाई नव्या होत्या, तरुण. त्यांनी मधल्या सुट्टीत बोलावलं. मी सवयीनं हात पुढे केला, तर त्यांनी पट्टीऐवजी हातावर चिंचेची गोळी ठेवली. म्हणाल्या, "हसतेस तेव्हा मजा वाटते का गं?"

हे मला जन्मात कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही बाई. सगळे गप्प झाले ना, की पोटात गोळा येतो."

"अगं वेडे, मग ती भीती आहे. हसण्याचा फ्रॉक घालून येते, म्हणून कोणाला ओळखू येत नाही."

मग त्यांनी कायदाच केला. गोळा आला की विचारत बसायचं नाही. सरळ उठून व्हरांड्यातल्या माठाकडे जायचं, तोंडात पाणी धरायचं, नाकानं सावकाश श्वास घ्यायचा. थांबलं की गिळून जागेवर.

आणि जमलं की! मग काय, माझं पाहून गणिताला रडणारी उठायला लागली, वेण्या ओढणारी रागीट उठायला लागली. माठाशी तिघी-तिघी गाल पुरीसारखे फुगवून उभ्या! एकीनं दुसरीकडे बघितलं की फवारा. माठ भरणारी बाई करवादायची, "अरे, ये छोरियाँ पानी पीती हैं कि कुल्ला करती हैं?" पण वर्गातली रडारड, मारामाऱ्या खरंच कमी झाल्या. मी तर प्रार्थना अख्खी म्हणायला लागले.

आणि तेवढ्यात इन्स्पेक्टर साहेब आले. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल, मोठ्या बाई भिंतीला चिकटून उभ्या. साहेबांनी खिशातून डबी काढली, तपकिरीची चिमूट ओढली. डोळे मिटले, तोंड उघडलं, हात वर गेला, आणि शिंक काही येईना! साहेब तसेच. आम्ही सगळ्या तशाच. पोटात गोळा! मी उठले, माठ गाठला, तोंड भरून घेतलं. चांगलं थांबत आलं होतं. पण साहेबांचं काय झालं बघावं म्हणून दारातून डोकावले, आणि त्याच क्षणी साहेब शिंकले. बाकं हादरली. माझ्या तोंडातलं सगळं पाणी साहेबांच्या कोटावर.

"ये क्या बदतमीज़ी है?" साहेब गरजले. मी संपले. डोळ्यांपुढे मामाचा गोठा.

दफ्तर तेव्हा इंदूरलाच होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी नानांना बोलावणं. मोठ्या बाईंच्या खोलीत नाना टोपी मांडीवर घेऊन बसले, मी दाराशी. आमच्या बाई पोटतिडकीनं सांगत होत्या, "घाबरते हो ती. शिक्षा केली की आणखी वाढतं."

"घाबरलेलं माणूस हसतं का कुठे?" मोठ्या बाई कडाडल्या. "तुम्हीच सांगा, वडील आहात तुम्ही."

खोली गप्प झाली. आणि मला नानांचे खांदे दिसले. हलत होते! घरात ज्यांचे दात आम्ही कधी पाहिले नव्हते, त्या माझ्या नानांच्या नाकातून आला फुर्र आवाज. "माफ करा, बाईजी, मी..." आणि परत फुर्र! टोपी तोंडावर दाबली तरी थांबेना. कान लालबुंद, डोळ्यांत पाणी. किती घाबरला होता माझा बाप!

मी धावले. पेला भरून आणला आणि त्यांच्या हातात दिला. "तोंडात धरा नाना. गिळायचं नाही. नाकानं श्वास घ्या."

सरकारी दफ्तरातला कारकून गाल फुगवून माझ्याकडे बघत मुकाट्यानं श्वास घेत राहिला. मोठ्या बाई आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या. मग आमच्या बाईंना म्हणाल्या, "ठीक आहे. राहू दे हिचं नाव. आणि व्हरांड्यात अजून एक माठ ठेवायला सांगा."

मी आनंदानं अशी उडी मारली की पेलाच लवंडला.

आम्ही घरी निघालो. मीच विचारलं, "तुम्हाला नेहमी होतं असं?"

"तुझे आजोबा यापायी फोडून काढायचे मला," ते म्हणाले. "म्हणून मग हसणंच सोडलं. उगाच सुरू झालं तर थांबवायचं कसं?"

मी त्यांचं बोट धरलं. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघितलं, माझ्याकडे वाकले आणि हळूच विचारलं, "ते पाणी माठातलंच लागतं, की तांब्यातलं चालतं? ग्वाल्हेरला आमच्या साहेबाच्या खोलीपासून माठ फार लांब आहे गं."